दुसऱ्या बॅचचं मीठ

“ताई, पाच वाजता आमचे मॅनेजर अण्णा पोलिसांत जाणार. मी काय नाय केलं वो!” मालनने रुमालातल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या.

साल १९९१. ठाण्याच्या मासळीबाजारावरच्या खोलीत मंजुळा नाखवांचं गुप्तहेरीचं ऑफिस होतं. त्यांचे मदतनीस सहदेवराव, निवृत्त कारकून, मनाने सोनं पण डोक्याने जरा सावकाश.

मालन डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर चालवी. रंगाच्या कुठल्या बॅचला मीठ किती घालायचं, ते त्यातून चिठ्ठीवर छापून येई. आठवडाभर तिच्या बॅचेस नासत होत्या, आणि तिने मुद्दाम चुकीचे आकडे भरले असा आळ होता.

दोनला तिघं कारखान्यात पोचली. चिठ्ठ्या काढणारा तो प्रोग्राम अण्णा वैद्यांनी स्वतःच लिहिलेला.

“पहिली बॅच माझी, ती कधी नासत नाही. दुसरी हिची!” अण्णा कडाडले.

“दोन बॅचच्या मधे प्रोग्राम बंद करता?” मंजुळाताईंनी विचारलं.

“कशाला? सकाळी सुरू केला की दिवसभर चालूच असतो.”

“शेवटचा हात कधी लावलात त्याला?”

“गेल्या रविवारी. किरकोळ.”

मंजुळाताईंनी चिठ्ठ्या मांडल्या. “गुरुवारची दुसरी बॅच मात्र चांगली निघाली?”

“त्या दिवशी दोन बॅचच्या मधे लाइट गेलेली,” मालन म्हणाली. “मशीन परत चालू केलेलं.”

सहदेवरावांनी पडद्यावरच्या प्रोग्रामच्या एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. “स्टॅटिक टोटल = ०. म्हणजे मिठाची बेरीज दर वेळी शून्यच होते की!”

“तेच तर!” अण्णा म्हणाले.

“नाही,” मंजुळाताई हसल्या. “हिच्या बॅचला रोज साठ किलो मीठ हवं होतं. सोमवारी अण्णांचे चाळीस, हिच्या चिठ्ठीवर शंभर. मंगळवारी अण्णांचे तीस, हिचे नव्वद. नुसतं ‘टोटल’ लिहिलं असतं, तर दर बॅचला ती नव्याने शून्यापासून सुरू झाली असती. पुढे स्टॅटिक लावलं, की ते शून्य प्रोग्राम सुरू होताना एकदाच. मग मागचा आकडा तसाच राहतो. मासळी विकणारी माझी आई तागडीत आधीच्या गिऱ्हाइकाची मासळी ठेवूनच दुसऱ्याला तोलू लागली, तर काय होईल? गुरुवारी वीज गेली आणि तागडी रिकामी झाली.”

अण्णांचा चेहरा उतरला. “दिवसाची बेरीज हवी म्हणून रविवारी मीच तो शब्द घातला. चिठ्ठीही त्याच टोटलवरून निघते, हे विसरलो. मालन, चुकलो गं.” त्यांनी तक्रारीचा कागद फाडला आणि खुर्चीवरून उठले. “तूच काढ तो शब्द.”

मालनने तो पुसला. दोन्ही बॅचेसचे आकडे पुन्हा भरून प्रोग्राम चालवला. दुसरी चिठ्ठी निघाली: साठ.

“ताई, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाय,” ती रडत म्हणाली.

“चिठ्ठ्या तू जपल्यास, पोरी. मी फक्त वाचल्या.”

सहदेवरावांनाही भरून आलं. आपल्या बाईंसोबत काम करायला मिळतं, याबद्दल त्यांनी मनोमन देवाचे आभार मानले. मालनने साठची चिठ्ठी घडी करून रुमालात बांधली.