आंजनेरीच्या पुढचा टप्पा

गंगापूर रोडवर त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं, की साधनाला स्वतःचे बूटसुद्धा धड दिसत नव्हते. ती आपल्या नादात धावत होती. तेवढ्यात मागून आवाज आला...

"मॅडम, जरा बाजूनं जाऊ का? मघापासून सांगतोय, पण तुमचा श्वासच एवढा मोठ्यानं वाजतोय..."

ती गर्रकन वळली. "माझा श्वास वाजतो?"

"म्हणजे... चांगला वाजतो," तो गडबडला. "अगदी लयीत."

न हसायचं ठरवूनही तिला हसू आलं.

तो भिकन. मूळचा सटाण्याकडचा, नाशिकला राहून द्राक्षबागांना सल्ला द्यायचा. साधना दातांची डॉक्टर. कॉलेज रोडला तिचा छोटासा दवाखाना होता. धावायची मात्र कायम एकटी. भिकनच्या धावण्याच्या क्लबाला नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या रिलेसाठी चौथा गडी हवा होता. "एकदा येऊन तर बघा," असं तो रोज म्हणायचा, आणि एक दिवस ती गेली.

कप्तान रवीदादांनी तिला शेवटचा टप्पा दिला, आंजनेरी फाटा ते त्र्यंबक. तिच्या हातात बॅटन देणार होता भिकन.

"तुम्ही फार मागं बघता," सरावात तो म्हणाला.

"बॅटन येतंय की नाही, ते बघायला नको?"

"नको. हात मागं करायचा आणि पळू लागायचं. आणून देणं माझं काम."

नंतर टपरीवर चहा घेताना तिनं आपणहून सांगितलं, "एकासाठी थांबले होते मी. साखरपुडा झाला होता. तो परदेशातून येणार, येणार म्हणत राहिला... आणि मग फोनवरच नको म्हणाला. तेव्हापासून मी कुणाचीच वाट बघत नाही."

आपल्या ग्लासातला अर्धा चहा भिकननं तिच्या ग्लासात ओतला. मग म्हणाला, "मला पण एक सांगायचं होतं. पण रेस होऊ दे."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही पळून जाल. आणि पळण्यात मी तुम्हाला काही गाठू शकत नाही."

तिनं मान खाली घातली. चहा गार होईपर्यंत कुणीच उठलं नाही.

रेसच्या सकाळी आंजनेरी फाट्यावर गार वारा सुटला होता. इतर संघांची बॅटनं येऊ लागली. तिच्या शेजारचा एकेक जण हात मागं करत होता, बॅटन घेऊन निघून जात होता. भिकनचा पत्ता नव्हता. रस्ता रिकामा झाला, आणि साधना पुन्हा एकदा कुणाची तरी वाट बघत उभी होती...

मग वळणावर तो दिसला. लंगडत होता. पोटरी धरून थांबायचा, पुन्हा निघायचा.

ती धावलीच असती, पण रवीदादा ओरडले, "साधना, रेषेबाहेर पाऊल टाकू नकोस! संघ बाद होईल!"

"होऊ दे!" ती म्हणाली, आणि मग तिकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडली, "भिकन, बस ना रे खाली! मरू दे ती रेस!"

त्यानं नुसतीच मान हलवली. येत राहिला. जवळ आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पळ," बॅटन तिच्या हातात देत तो म्हणाला. "मी इथेच आहे."

"या पायानं जाणार तरी कुठे आहेस?" ती म्हणाली. हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. आणि ती सुटली.

डावीकडे आंजनेरीचा डोंगर उन्हात उजळत होता. एकेका पावलानं ती भिकनपासून लांब जात होती, आणि मन मात्र मागेच राहिलं होतं. माणूस उशिरा येतो ते नेहमी मन नसतं म्हणूनच असं नाही, हे तिला त्या चढावर धापा टाकताना उमगलं. वाटेत दोघांना तिनं मागं टाकलं. तरी संघ शेवटून तिसरा आला. त्र्यंबकला पंचांच्या हाती बॅटन देऊन ती तशीच एकाच्या मोटरसायकलवर बसून आंजनेरी फाट्याला परतली.

भिकन झाडाखाली बसला होता, पोटरीवर बर्फ धरून.

"काय म्हणाले रेसचे डॉक्टर?" तिनं विचारलं.

"शीर ताणलीय. महिनाभर धावायचं नाही."

ती त्याच्या शेजारी मातीतच बसली. "रेस झाली, भिकन."

तो बर्फाकडे बघत राहिला. मग अगदी हळू, घरच्या बोलीत म्हणाला, "तू माले आवडस."

तिला कळलं होतं. तरी तिनं विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे..." तो कानापर्यंत लाल झाला. "आता डॉक्टर असून एवढं कळत नाही?"

साधनानं त्याच्या हातातला बर्फ काढून घेतला आणि स्वतः त्याच्या पोटरीवर धरला. मग जीभ अडखळत, पण ठामपणे म्हणाली,

"माले बी."