पंचेचाळीस मिनिटांचं अंतर

रेक्याविकहून अकुरेरीला विमानाने पंचेचाळीस मिनिटं लागतात. अंतर अडीचशे किलोमीटर. सोलवेग सात वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. ती वडिलांकडे राहिली आणि दर पंधरा दिवसांनी, गळ्यात नावाची पट्टी अडकवून, एकटीच विमानाने आईकडे जाऊ लागली. “एक रस प्यायचा, एक बिस्किट खायचं, की पोचलीसच,” आई, थोर्दिस, फोनवर सांगायची. परतताना मात्र किती वेळ लागेल, ते कधीच सांगत नसे.

आता सोलवेग एकावन्न वर्षांची होती. सकाळी अकुरेरीहून, आई होती त्या इस्पितळातून फोन आला होता: आजच निघ. दुपारच्या विमानात जागा मिळाली. शेजारची खिडकीची जागा रिकामीच राहिली.

विमान हिमनदीवर आलं तेव्हा ट्रॉली घेऊन म्हातारा परिचारक आला. त्याने तिला कॉफी दिली आणि शेजारच्या जागेपुढच्या फळीवर सफरचंदाच्या रसाचा पेला ठेवला.

“इथे कुणी नाहीये,” ती म्हणाली.

“झोपू दे की. उठली म्हणजे पिईल.” तो हसत पुढे सरकला. “मुलांना सोबत आणायचं आणि विसरायचं. कमाल आहे तुम्हा लोकांची.”

अकुरेरीच्या खाडीवर वारा उलटा होता. विमान उतरेना, घिरट्या घालत राहिलं. दर वळणाला खाली इस्पितळाचं छप्पर दिसायचं.

“मेंढ्यांच्या ट्रकमधून आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो,” मागे कुणीतरी बायकोला म्हणालं.

सोलवेगने डोळे मिटून घेतले. थांब, आई. एवढं एक वळण.

डोळे उघडले तेव्हा शेजारचा पेला रिकामा होता.

इस्पितळात वयस्क नर्स उन्नुर दारातच भेटली.

“अर्धा तास झाला गं थोर्दिसला जाऊन. वर तुमच्या विमानाचा आवाज येत होता.”

सोलवेग भिंतीला टेकली. तिने विचारलं, “एकटीच होती?”

“छे गं. तुझी मुलगी होती ना शेवटपर्यंत.”

“मला मुलगी नाही.”

उन्नुरने स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं.

“पुढचा दात पडलेली. हातच सोडत नव्हती. थोर्दिस तिला तुझ्या नावाने हाक मारत होती. मला वाटलं, औषधाचा अंमल असेल.”

“कुठंय ती?”

“आत्ताच गेली. परतीचं विमान आहे म्हणाली. बाबा घ्यायला येणारेत.”

सोलवेगच्या वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ती आत गेली. खोलीत उन्हं आली होती. आईचा हात चादरीवर होता. बोटं अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

सोलवेग कडेला बसली. त्या पोकळीत तिने आपला हात हळूच सरकवून पाहिला.

दोनच बोटं मावली.