ठिपका जवळ येतोय

फोन नुसता गरम होतो, एवढंच सांगायला टिल्लूची आई त्या दुपारी मोबाईलवाल्याकडे गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. जेवणाच्या सुट्टीत पटकन जाऊन येऊ, असा तिचा हिशेब होता. मोबाईलवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, वाकवता येणारा एक दिवा, आणि काचा फुटलेले फोन भरलेले प्लास्टिकचे डबे. तो दुरुस्तीला आलेल्या फोनला पेशंट म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची.

"ताप कधीपासून आहे पेशंटला?" त्याने नेहमीप्रमाणे विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"उशाशी घेऊन झोपता ना काकू? म्हणून तर गरम होतो."

"उशाशी नाही. हातात घेऊन झोपते," ती म्हणाली.

डॉक्टर हसला, पण फोन चाळता चाळता त्याचं हसू मावळलं. त्याने दिवा जवळ ओढला. शेवटच्या पानावर एक ॲप होतं. नाव नाही, काही नाही. पांढरा चौकोन आणि मधोमध लाल ठिपका.

"हे कुठून आलं? लिंक दाबली होती का कोणी पाठवलेली?"

"नाही बाई," ती म्हणाली. खोटं बोलताना तिची नजर डब्यातल्या फुटक्या काचांवर होती.

टिल्लू तिचा एकुलता एक. नावाने टिल्लू आणि उंचीने असा की, चौकटीतून वाकून यायचा. एका सकाळी कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, कोणाशी काही बोललेला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, मित्रांच्या घरचे उंबरठे झिजवून झाले. शेवटी तिने त्याचा फोटो आणि स्वतःचा नंबर दिसेल त्या खांबावर चिकटवला, आणि इंटरनेटवरही जिथे जागा मिळेल तिथे टाकला.

अनोळखी नंबरवरून आलेलं काही दाबू नका, असं सगळं जग सांगत असतं. बँक सांगते, टीव्ही सांगतो, धाकटी बहीण तर रोज सांगायची. सांगणाऱ्यांचं काय जातं? जिचं पोर हरवलंय तिला अनोळखी नंबरच तर हवा असतो. ओळखीच्या नंबरांनी काय सांगायचं ते कधीच सांगून झालेलं असतं. म्हणून ती आलेलं सगळं दाबायची. लॉटरी लागल्याचं दाबलं, कर्ज मंजूर झाल्याचं दाबलं, आणि एका संध्याकाळी 'तुमचा मुलगा कुठे आहे ते पाहा' असं लिहिलेलंही दाबलं.

नकाशा उघडला होता. पार कडेला, जिथे गावांची नावंही विरळ होत जातात तिथे, एक लाल ठिपका होता. त्याखाली लिहिलं होतं, टिल्लू. खांबांवरच्या कागदांवर तिने त्याचं शाळेतलं नाव घातलं होतं. टिल्लू हे घरातल्या घरात. ते कोणाला कळलं, हा प्रश्न तिला तेव्हा पडलाच नाही, कारण खाली दुसराच प्रश्न आला होता. फोटो पाहण्याची परवानगी द्यायची का?

तिने दिली. ठिपका बोटभर अलीकडे सरकला.

मग त्याने फोनमधले सगळे नंबर मागितले, मग कॅमेरा, मग माइक. ती देत गेली आणि तो येत गेला. "परवानगी कसली मागतोस रे, ये की," असं ती फोनला म्हणायची. माइकची परवानगी दिल्यापासून तर ती काम करता करता बोलतच राहायची. ये रे बाळा. रागावणार नाही मी. काही विचारणार नाही. तुझी खोली तशीच ठेवलीय. असं बोललं की ठिपका जरासा थरथरतो, असं तिला वाटायचं. नवऱ्याला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तो 'काढून टाक' म्हणाला असता.

"काकू, याला तुम्ही घर आंदण दिलंय," डॉक्टर आता हसत नव्हता. "फोटो, नंबर, आवाज, सगळं तिकडे जातंय. आणि हे एकट्याच्या फोनवर थांबत नाही. तुमच्या नावाने तुमच्या माणसांना निरोप जातात, ती माणसं विश्वासाने दाबतात. मूळ तुमच्या फोनात आहे. हा पूर्ण कोरा केल्याशिवाय बाकीचे सुटायचे नाहीत. बँकेचा पासवर्ड आजच बदला, तोही दुसऱ्या फोनवरून. फोटोंची कॉपी आहे ना कुठे?"

"नाही."

"मग आधी फोटो काढून घेऊ."

त्याने फोटो उघडले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभरा पुढे गेला, आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. त्याने फोन तिच्याकडे फिरवला.

तो तिचा आणि टिल्लूचा फोटो होता. म्हणजे तिचा होता. तिचा हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा हवेत वाकडा होता आणि खाली खांदा नव्हता. पुढच्या फोटोत सायकल स्टँड न लावता आपली आपण उभी होती. वाढदिवसाच्या फोटोत नवरा, बहीण, बहिणीची छकुली, सगळे एका रिकाम्या जागेकडे बघून हसत होते, आणि मेणबत्त्या नुकत्याच कोणीतरी विझवलेल्या होत्या. तिने बऱ्याच दिवसांत फोटो उघडलेच नव्हते. ठिपका पाहण्यातून वेळ कुठे मिळत होता?

"माणूस कापून काढता येतो," डॉक्टर हळूच म्हणाला. "पण मग त्याच्या मागची भिंत... ती कुठून आली?"

टिल्लू जिथे उभा असायला हवा तिथे तिच्या घराची भिंत स्वच्छ दिसत होती. बटणांची पाटी, तिच्यावरचा तेलकट डाग, बाजूचा खिळा. त्याच्या पाठीमागे झाकलेलं, फोटोत कधी आलेलंच नसणार असं सगळं.

"काढू का हे? आत्ताच्या आत्ता?"

"नको," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून फोन ओढून घेऊन चालू लागली. कामावर ती परत गेलीच नाही.

नवरा पाणीखात्यात होता; वस्तीला पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. सकाळची पाळी संपवून तो घरी आला होता. तिने पहिल्यांदाच त्याच्यासमोर सगळं ओकलं. लिंक, ठिपका, परवानग्या. तो चिडेल म्हणून ती अंग चोरून बसली होती, पण तो चिडला नाही. त्याने फोटो एकेक करून पाहिले. मग फोन मांडीवर उपडा ठेवला.

"अगं," तो म्हणाला, "त्याच्या गालावर तीळ होता ना... तो कुठल्या बाजूला?"

तिने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. टिल्लूचा निळा शर्ट तिला आठवत होता. त्याचा खोकला, त्याची टाच झिजलेली चप्पल, कॉलरचं माप, सगळं आठवत होतं. कॉलरच्या वरती मात्र काही नव्हतं. नाक कसं होतं? हसताना डोळे बारीक व्हायचे का? दोघं समोरासमोर बसून एकमेकांना विचारत राहिले, आणि दोघांनाही काही सांगता येईना. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. पोर गेलं होतं ते गेलंच होतं, पण ते आठवत तरी होतं. ती हुंदके देऊन रडली आणि रडता रडताच तिने फोन सरळ करून पाहिला. ठिपका त्यांच्याच शहरात आला होता. पूल ओलांडत होता.

तेवढ्यात फोन वाजला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी धाकटी बहीण होती.

"ताई, सकाळी तुझा मेसेज आला. टिल्लू घरी येतोय, इथे पाहा, असा. तुझाच नंबर म्हणून मी दाबलं गं."

"मी नाही पाठवला."

"ते कळलं आता." बहीण भराभरा बोलत होती. "ताई, छकुली फोटोंतून जायला लागलीय. कालचा झोपाळ्यावरचा फोटो आहे, त्यात झोपाळा वर गेलाय आणि त्यावर कोणी नाही. ती इथे माझ्यासमोर बसलीय. पण मी मान वळवली ना... की तिचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर येत नाही. मी तिच्यावरून नजरच काढत नाहीये. ताई, काहीतरी कर. तुझ्यापासून सुरू झालंय हे."

फोन ठेवल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "पुसून टाक."

"तो पुलापर्यंत आलाय हो."

"तो नाही आलेला."

"मग कोण आलंय?"

 दुपार टळून गेली होती. बाहेर रस्त्यावर उजेड होता, कोणाचीतरी गाडी धुवायचा आवाज येत होता, आणि खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास भरला होता. ती नकाशाकडे बघत राहिली. ठिपका बाजारातून आला, शाळेच्या कोपऱ्यावर वळला, गल्लीत शिरला. एकदाही चुकला नाही. इमारतीवर येऊन तो थांबला आणि खाली गाडी धुण्याचा आवाजही थांबला.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. दारापाशी येऊन ती थांबली, तेव्हा फोनवर अक्षरं आली. दार उघडण्याची परवानगी द्यायची का?

"आई," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

आवाज टिल्लूचाच होता. ती उठली. नवऱ्याने तिचं मनगट धरलं.

"ये रे बाळा," बाहेरचा आवाज म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली.

"रागावणार नाही मी," टिल्लूच्या आवाजात बाहेरून येत राहिलं. "काही विचारणार नाही... तुझी खोली तशीच ठेवलीय..."

तिने फोनला सांगितलेलं प्रत्येक वाक्य, तिने घेतलेल्या श्वासांसकट, दारापलीकडून परत येत होतं. त्यात त्याचं स्वतःचं एक अक्षर नव्हतं. तिला मनातल्या मनात बहिणीसमोर बसलेली छकुली दिसली, आणि तिच्यावरून नजर न काढता बसलेली आपली बहीण दिसली. आपलं गेलं ते गेलं, तिचं कशाला जायला पाहिजे, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. डॉक्टरने म्हटलं होतं तसा फोन कोरा करायचं बटण शोधायला तिला वेळ लागला, कारण डोळे भरले होते. सगळं पुसायचं, नक्की? फोनने विचारलं. तिने हो केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो केलं.

पडदा काळा झाला. बाहेरचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. थोड्या वेळाने पावलं वळली आणि जिना उतरू लागली. नवऱ्याने तिचं मनगट सोडलं.

आणि मग खालच्या वळणावरून, दमलेल्या माणसाने विचारावं तसं, कोणीतरी विचारलं, "पाण्याचे साहेब आहेत का घरात?"

नवरा दाराकडे वळला. टिल्लू लहान असताना बाप कामावरून आला की पोरगं दाराबाहेर पळायचं, कडी वाजवायचं आणि मोठ्या माणसाचा आवाज काढून हे विचारायचं. आणि बाप आतून सांगायचा, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. बापलेकांचा खेळ होता तो. टिल्लू गेल्यापासून या घरात ते शब्द कोणी उच्चारले नव्हते.

"तू फोनला हे सांगितलं होतंस?" त्याने विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"मीही नाही."

त्याने धावत जाऊन दार सताड उघडलं. "साहेब आहेत रे," तो ओरडला, "घरीच आहेत साहेब..." तो अनवाणी तीन मजले उतरून रस्त्यापर्यंत गेला. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. जिन्यात कोणी नव्हतं, रस्त्यावर कोणी नव्हतं, गाडी धुणारा म्हणाला इथून कोणी गेलं नाही. नवरा वर आला आणि पायरीवरच बसला. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या हातातला फोन आता थंडगार होता. त्यात ठिपका नव्हता, नकाशा नव्हता, काही नव्हतं. 'आपलं स्वागत आहे' असं लिहून तो नवीन फोनसारखा भाषा विचारत होता.

"मी पुसलं त्याला," ती म्हणाली. "माझ्या हाताने पुसलं."

नवऱ्याच्या खिशातला जुना बटणांचा फोन वाजला. त्याच्याच्याने बोलवेना, म्हणून तिने घेतला. बहीण होती, आणि ती कुजबुजत होती.

"ताई, तू पुसलास का? माझ्याकडचा ठिपका तुमच्या घरावरून हलला गं. आत्ता होता तिथे आणि लगेच... ताई, आमच्या दारात कोणीतरी आलंय. छकुली विचारतेय, आई, पाण्याचे साहेब म्हणजे कोण? बाहेरचा दादा त्यांना हाक मारतोय."

टिल्लूच्या आईने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"फोनवर दार उघडायची परवानगी मागतोय," बहीण म्हणाली. "मी पुसून टाकते सगळं. तू पुसलंस ना तसं. पुसू ना ताई? ताई, छकुली दारापाशी गेलीय... लवकर सांग ना काय करू?"

नवऱ्याने पायरीवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दोघांपैकी कोणालाच अजून त्या गालावरचा तीळ आठवत नव्हता.

"उघड," ती म्हणाली.