चौथं बोट

एक डीव्हीडी परत पाठवायची राहिली होती, एवढंच. सिनेमे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून ती पोस्टाने घरी यायची. बघून झाली की त्याच पाकिटात घालून परत टाकायची, मग यादीतली पुढची यायची. अकरा महिने आमच्याकडे एकच पडून होती. प्लेअरमधून ती काढायला मी धजत नव्हतो.

माझी बायको व्हर्ना हा सिनेमा अर्धाच बघून गेली. बंदरावरचा एक खून, आणि खुनी शेवटी कळणार होता. एक तास चार मिनिटांवर ती म्हणाली, "थांबव जरा, पाणी पिऊन येते. आणि पुढे बघायचं नाही हं!" मी थांबवला. ती स्वयंपाकघरात कोसळली ती उठलीच नाही.

आमच्या घरात दोन नियम होते. एकट्याने पुढे बघायचं नाही. आणि सिनेमा संपला की दोघांनी डोळे मिटायचे, तीन म्हणताच बोटं वर करायची. जितकी बोटं, तितके तारे. मग तेच त्या कंपनीच्या वेबसाइटवर द्यायचे. मी गणिताचा मास्तर, तीनच्या वर सहसा जात नसे. डोळे मिटलेले असतानाच व्हर्ना माझं चौथं बोट हळूच उचलायची. तिची बोटं बारा महिने गार असत. "कंजूष मेला," म्हणायची, "पोरांनाही असेच मार्क देतोस!"

जानेवारीतल्या एका रविवारी तिची बहीण डॉटी आली. त्या आठवड्यात आमच्या डुलुथ गावालगतचं सरोवर काठापासून गोठलं होतं. बुटांवरचा बर्फ झटकून तिने आपल्या घरून आणलेलं बटाट्याचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि टीव्हीजवळचं रिकामं पाकीट उचललं.

"ऑर्विल, ती डीव्हीडी अजून इथेच? म्युझियम काढायचंय का?"

"तिने शेवट बघितला नाहीये, डॉटी."

"आता ती बघणार आहे थोडीच! उद्या पोस्टात टाक. टाकशील ना? माझ्याकडे बघून सांग."

ती गेल्यावर मी प्लेअर चालू केला. सिनेमा थांबवलेली जागा त्याच्या लक्षात राहायची. प्लेअरवरच्या आकड्यांच्या पट्टीवर १:०४ दिसायला हवं होतं. १:११ होतं.

वाटलं, आपलीच आठवण चुकली. पाकिटामागे पेन्सिलने आकडा लिहून ठेवला. सोमवारी चारला शाळेतून आलो, तर १:१८. मंगळवारी १:२५. रोज सात मिनिटं.

भीती नाही वाटली. खरं सांगायचं तर राग आला. "एकटीच पुढे बघतेस होय?" मी रिकाम्या सोफ्याला म्हणालो. मग लक्षात आलं की सिनेमा १:५३ चा आहे. शनिवारी संपणार. तिचा शेवट बघून होईल, आणि मग तिला इथे थांबायला काही कारण उरणार नाही. मला तिला आणखी थोडे दिवस ठेवून घ्यायचं होतं. गुरुवारी आकडा १:३९ झाला तेव्हा मी प्लेअरची वायरच काढून टाकली, आणि फोनवर डॉटीला सगळं सांगितलं.

"जुनं यंत्र आहे, बिघडलं असेल," ती म्हणाली. मग हळूच, "ऑर्विल... तू नीट जेवतोस ना?"

शुक्रवारी वायर पुन्हा जोडली. प्लेअरचं घड्याळ बारावर उघडझाप करत होतं, तारीख, वेळ, सगळं विसरलेलं. जागा तेवढी विसरला नव्हता. १:४६.

तेव्हा ठरवलं, अडवायचं नाही. शेवटची सात मिनिटं तरी सोबत बसायचं.

शनिवारी दुपारी दोन वाडगे पॉपकॉर्न केले आणि सोफ्याच्या माझ्या कडेला बसलो. बाहेर लख्ख उजेड होता. शेजारी बर्फ उपसत होता, त्याच्या फावड्याची खरखर ऐकू येत होती. मी बटण दाबलं. मधली बेचाळीस मिनिटं बघितलीच नव्हती, त्यामुळे खुनी सापडला तरी तो कोण ते मला कळलं नाही. मध्येच केव्हातरी फावडं थांबलं. खोलीत लोण्याचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी... तळघरात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. पडद्यावर नावं सरकू लागली.

"एक... दोन... तीन," मी डोळे मिटून म्हणालो, आणि तीन बोटं वर केली.

वाट बघितली. कुणीतरी माझा हात धरला. चौथं बोट मीच थोडं सैल सोडलं.

त्याला स्पर्श झालाच नाही. तिसरं बोट हळूच मिटवलं गेलं. मग दुसरं. मग पहिलं. मूठ झाली, आणि ती वरून दाबून धरली गेली. तो हात कोरडा होता, ऊबदार होता, आणि माझ्या हाताहून मोठा होता.

एकोणीस वर्षांत व्हर्नाने माझं एकही बोट कधी खाली केलं नव्हतं.

सोमवारी डीव्हीडी पोस्टात टाकली. डॉटीला बरं वाटलं. गुरुवारी यादीतला पुढचा सिनेमा आला. ते पाकीट मी फोडलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसंच आहे. प्लेअर रिकामा आहे, दोनदा उघडून बघितला. पट्टीवर काल ०:०७ होतं. आज ०:१४ आहे.