निम्मी पेंढी

गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या साळूबाईंच्या पाटीत त्या संध्याकाळी मेथीची एकच पेंढी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा उन्हानं रापलेला, मनगटाला काळा दोरा बांधलेला…

मी हात मागं घेतला. त्यानंही घेतला. मेथी मधल्यामध्ये तशीच.

"घ्या तुमी," तो म्हणाला.

"नको, तुमचा हात आधी होता."

"हात माझा आधी. पण नजर तुमची आधी हुती. मी बघत हुतो."

काय बघत होता – मेथी, की आणखी काही? मी उगीचच ओढणी सारखी केली.

साळूबाई कंटाळल्या. "दोघंबी एकल्यानं शिजवून खाणारी. अख्खी पेंढी न्यायची आन् निम्मी पिवळी पडली की टाकायची. त्यापरीस निम्मी निम्मी न्या की. मला घरला जायाचं हाय." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी पेंढीचा बंध सोडलासुद्धा.

निम्मी मेथी घेऊन मी खोलीवर आले. हाताला तिचा कडवट हिरवा वास बराच वेळ राहिला. मी तो लगेच धुतला नाही.

मी उत्कर्षा. गाव कोरेगावकडचं, कॉलेज सांगलीत. आधी मेसला जेवत होते. जेवण वाईट नव्हतं, पण माझा एक नेम आहे – देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि नैवेद्याचं आधी कुणी चाखलेलं चालत नाही. मेसच्या मावशी पळीतलं हातावर घेऊन चाखायच्या, तेच मी बाळकृष्णापुढं कसं ठेवणार? म्हणून मेस सोडली. एक शेगडी, एक कुकर, एक तवा घेतला आणि स्वतःचं स्वतः करू लागले.

आईचा जीव मात्र टांगणीला. ती फोनवर म्हणाली, "नेम पाळ बाई, मीच लावलाय. पण देवाला उपाशी लेकरू आवडत नाही. मार्गशीर्षात येऊन बघेन. वाळलेली दिसलीस तर सामान बांधायचं आणि गावाकडच्या कॉलेजात शिकायचं."

मला सांगली सोडायची नव्हती. कॉलेजसाठी, असं मी तेव्हा मनाला सांगत होते.

कारण आता रोजच निम्मं-निम्मं सुरू झालं होतं. निम्मा कोबी, निम्मा भोपळा, कोथिंबिरीची निम्मी जुडी. त्याचं नाव सिद्धू. आटपाडीकडचा, घरात मेंढरं. खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस बोलून झालेला, म्हणून सिद्धू. सकाळी कॉलेज, दुपारी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये काम, आणि संध्याकाळी हातानं केलेला स्वयंपाक. भाजी घेऊन झाली तरी आम्ही साळूबाईंच्या पाटीशी रेंगाळायचो.

"आज काय करणार?" तो विचारायचा.

"मूगडाळ घालून मेथी. तुम्ही?"

"पिठलं. काल पिठलं, परवाबी पिठलंच हुतं. पण आज जरा पातळ करणार."

मी हसले की तो पाटीतल्या मिरच्या निवडायला लागायचा. घ्यायच्या नसल्या तरी.

एकदा बोलता बोलता मी न चाखण्याचं सांगून गेले. तो बघतच राहिला.

"चाखत न्हाई? मग मीठ कळतं कसं?"

"मला नाही कळत. देवाला कळतं."

"आन् देव काय म्हणतो?"

"अजून तरी तक्रार नाही."

"तुझा देव लय सोसतो गं."

तुमचा म्हणाला नाही, तुझा म्हणाला. मी ऐकलं आणि ऐकलं नाहीसं केलं.

"मी तर चार-चारदा चाखतो," तो म्हणाला. "ताटात घ्यायच्या आत निम्मं पोटात गेल्यालं असतंय. पण आमचं आबा मेंढरांमागं रानात असलं की तीन दगडांवर कण्या शिजवत्यात. अंधारात. ते वासावरनं मीठ सांगत्यात. वाफेवर नाक धर. मीठ पडलं नसलं की कच्चा वास येतोय, पडलं की वाफ गोड लागती."

"खरंच?"

"सिद्धनाथाची आण."

मी त्या दिवसापासून वाफेवर नाक धरू लागले. आधी काहीच कळेना, नुसता चेहरा भाजायचा. मग हळूहळू उमगायला लागलं. आमटी उकळताना वास आधी मोकळा, बोथट येतो, आणि मीठ पडलं की तोच वास मिटून, गोळा होऊन येतो. सिद्धूला सांगितलं तर त्यानं डोळेच मोठे केले आणि म्हणाला, "मंजे… कळतं?"

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मार्गशीर्ष लागला. आई पुढच्या बुधवारी येणार होती, आणि त्याआधी आठ दिवस मला ताप भरला. शेगडीपुढं उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. घरमालकांची अंकिता, माझ्याच वयाची, मायेनं आमटी-भात घेऊन वर आली.

"चाखलीस का गं?" मी हळूच विचारलं.

"मग? न चाखता आजारी माणसाला देऊ होय?"

तिचं बरोबरच होतं. मी तिची समजूत काढली आणि दूध-केळ्यावर राहिले. आरशात बघायचं टाळत होते. गालफडं आत गेलेली मला हातालाच कळत होती. बाळकृष्णाला म्हटलं, तुझा नेम मोडायचा नाही, आणि सांगलीही सोडायची नाही… दोन्ही कसं जमवायचं ते तूच बघ.

बुधवारी दुपारी आई आली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिनं कॉटखालची माझी बॅग बाहेर ओढली.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. साळूबाई. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"त्या आटपाडीच्या पोरानं दिलाय," त्या दारातच टेकल्या. "पोरीच्या खोलीवर कसं यायचं म्हणून खाली थांबलाय. पोरगी दिसंना म्हणून आठ दिस माझं डोकं खाल्लंय त्यानं."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चादरीकडं.

डब्यात शाळू ज्वारीच्या कण्या होत्या. मऊ, पांढऱ्या, ताक घालून सारख्या केलेल्या. वाफ अजून निघत होती. माझा हात आपसूक पुढं झाला. पण तो तर चार-चारदा चाखणारा…

"साळूबाई, त्यानं आणखी काही सांगितलं का?"

"व्हय. देवाला दाखवून मग खा म्हणावं. एवढंच."

मी उठून बसले. आईनं वाटीत कण्या काढल्या, तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं. मग वाटी माझ्या हातात दिली. मी पहिला घास घेतला.

अळणी. मिठाचा एक कणही नव्हता.

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. माझ्या कपाळाला हात लावत आई म्हणाली, "काय झालं गं?" तिनं बोटावर थोडं घेऊन बघितलं. "अगं, अळणी आहे हे. थांब, मीठ घालते."

"नको आई. असंच असू दे."

आईचा हात डब्याजवळच थांबला. ती माझा चेहरा वाचत राहिली. हा नेम माझ्या आधी कैक वर्षं तिनं पाळलेला.

"चाखलं नाही त्यानं?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

ती उठून खिडकीशी गेली. मी घास घेत होते आणि तिच्या पाठीकडं बघत होते.

"दुपारच्या उन्हात बसलाय पायरीवर," ती म्हणाली. "घरचं काय असतं त्याच्या?"

"मेंढरं आहेत."

"हं. मेंढरांमागच्या माणसाला वाट बघायची सवय असते." तिनं खिडकीचा पडदा सारखा केला. "असलेली बरी. तुझं शिक्षण पुरं होईस्तोवर तो विषय माझ्यापुढं काढायचा नाही."

"आणि… सामान?"

तिनं बॅग पायानंच कॉटखाली सारली. "कण्या संपव आधी."

आई तीन दिवस राहिली. जाताना तिनं धुतलेला डबा माझ्या हातात ठेवला. जड लागला. "कुणाचा डबा रिकामा परत करू नये," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी गेले. थंडी पडली होती. सिद्धू आधीच उभा होता, मिरच्या निवडत.

"बरं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"हो. वासावरनं मीठ कळतं ना रे?"

त्याचे कान लाल झाले. "ते आबांना कळतं. मला कुठलं कळायला. तवा बोलायला कायतरी पायजे हुतं…"

"सिद्धनाथाची आण घेतली होतीस."

"आबांचं खरंच हाय की. मला कळतं असं म्हणालो का मी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "कण्या रटरटत हुत्या आन् मीठ घातलं का न्हाई तेच आठवंना. चाखायची तर सोय न्हाई. दुसऱ्यांदा घालावं तर खारट व्हतील. म्हटलं, अळणी तर अळणी. तुझा नेम तरी ऱ्हाईल."

मी डबा पुढं केला. त्यानं झाकण उघडलं. आत काठोकाठ मीठ.

तो चटकन मागं सरला. "खाली ठेव, हातात देऊ नगं. मिठानं भांडणं लागत्यात."

"भांडायला जवळ राहावं लागतं," मी म्हणाले. डबा तसाच पुढं धरलेला.

मग त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला. त्याची बोटं थंडगार होती.

साळूबाईंनी सवयीनं मेथीची पेंढी उचलली आणि बंधाला नख लावलं.

"सोडू नका, साळूबाई," मी म्हणाले. "अख्खीच द्या."

"अख्खी?" सिद्धू म्हणाला. "एकटीला संपायची न्हाई."

"न चाखता करीन. नैवेद्य झाला की तुझा डबा साळूबाईंकडं ठेवत जाईन. मीठ बरोबर आहे का ते रोज कुणीतरी सांगायला नको?"

साळूबाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पेंढी तशीच पिशवीत टाकली. "मला कवाच ठावं हुतं," त्या पुटपुटल्या.

ती पिशवी कुणी धरायची, यावर आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत भांडत गेलो.