आहे तशी

भाषणाचा कागद खिशात घालून प्रोफेसर दुपारीच चित्रांच्या दालनात पोचले. उद्घाटन संध्याकाळी होतं, पण माइक आपल्या पडेल आवाजाला पुरेल की नाही याची त्यांना धास्ती होती. चित्रं त्यांच्या धाकट्या बहिणीची. जन्मभर सौंदर्यशास्त्र शिकवलेल्या भावाने चार शब्द बोलावेत, असा तिचा हट्ट.

आत टर्पेंटाइनचा वास कोंडला होता आणि चारही भिंतींवर बायका होत्या. बाळंतपणांनी सुरकुतलेलं पोट, अंगभर पसरलेलं कोड, पोक आलेली पाठ, थुलथुलीत दंड. त्यांतली एकही अंग चोरून उभी नव्हती. अंग चोरून चालत होते ते एकटे प्रोफेसर.

"हिच्या मांड्या बघ," बहीण म्हणाली. "रंगाच्या नळ्याच्या नळ्या संपल्या. वर बाई मला म्हणते, हात आखडू नका हं."

प्रोफेसर हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. शेवटच्या भिंतीशी बहीण थांबली. "दादा, हे तुला आधीच सांगायला हवं होतं."

चित्रात त्यांची बायको होती. गेल्या वर्षी गेलेली. स्टुलावर बसलेली, कमरेपर्यंत अंगावर काही नाही. एका बाजूला ओघळलेला स्तन, दुसऱ्या बाजूला ऑपरेशनचा तिरपा, गुलाबी व्रण. नजर थेट समोर.

"हे... कधी काढलंस?"

"वहिनी यायची माझ्याकडे. तुला दवाखान्यात जाते म्हणून सांगायची. म्हणाली, वन्सं, मला आहे तशी काढा. कुणीतरी बघू दे." बहिणीने चित्रावरून नजर हलवली नाही. "शेवटचा हात परवा फिरवला."

"आणि असं उघडं टांगणार तिला? माझे विद्यार्थी येतील गं. लोक काय..."

"उघडी नाहीये रे ती. मोकळी आहे." तिने चित्राकडे बोट केलं. "लाज वाटत असेल तर उतरव. पण तू उतरव. मी हात लावायची नाही." आणि दिव्याची वायर आणायला ती खाली निघून गेली.

जिन्यावरची पावलं विरली. उतरवायचं म्हणजे चित्रासमोर उभं राहून दोन्ही हातांनी धरायला हवं होतं. ते त्यांच्याने होईना. कोपऱ्यात चित्रं गुंडाळून आणलेली एक चादर पडली होती. ती त्यांनी उचलली, मान वळवली, आणि हात लांब करून चादर चित्राकडे धरली.

तेव्हा त्यांना आपलाच हात ओळखीचा वाटला. ऑपरेशननंतर ती न्हाणीघरातून हाक मारायची, तेव्हा ते टॉवेल असाच द्यायचे. दाराच्या फटीतून, तोंड फिरवून. आतून ती दोनदा हलकेच ओढायची, मग ते सोडायचे.

चादर दोनदा हलकेच ओढली गेली.

त्यांनी सोडली. सवयीनेच.

टर्पेंटाइनचा वास कुठल्या कुठे गेला होता. आता साबणाचा येत होता, वाफेचा. पाठीमागे फरशीवर एकेक थेंब पडत होता.

"बघा ना..." कुणीतरी म्हणालं. अगदी हळू. हुकूम नव्हता, आर्जव होतं.

प्रोफेसरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"दादा, काय केलंस हे? रंग ओला आहे अजून." बहीण दारातून धावतच आली आणि तिने चित्रावरची चादर ओढून काढली. चादरीवर रंगाचा एवढासाही डाग नव्हता. पण ती पिळून काढावी इतकी ओली होती. कोमट.

"पाणी कुठून आलं?" ती पुटपुटली, आणि चित्र न्याहाळून तिने सुस्कारा सोडला. "वाचलं बाई. डोळे तर बघ, कसे रोखून बघतायत."

प्रोफेसरांनी डोळे उघडले. त्यांना दिसली फक्त मान. एक कान, मानेला चिकटलेली केसांची ओली बट. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"तिचा... चेहरा?"

"समोर तर आहे." बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. "मग, राहू दे?"

त्यांनी मान डोलावली. नाही म्हणायला आता तोंड कुठे होतं?

संध्याकाळी दालन भरलं. त्या चित्रापुढे बायका रेंगाळत होत्या. एक म्हातारी मैत्रिणीला म्हणाली, "माझ्याकडे बघून हसल्यासारखी वाटली गं." प्रोफेसरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांच्या वाट्याला तेवढी मानच होती.

ते बोलायला उभे राहिले तेव्हा चित्र त्यांच्या पाठीशी होतं. कागदावरचं पहिलं वाक्य सौंदर्याबद्दल होतं. त्यांनी कागद पुन्हा खिशात घातला.

"त्या चित्रात..." एवढंच माइकमधून बाहेर पडलं. "माझी बायको आहे."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या खांद्यावरून मागे गेल्या. आणि तिथे ठरल्या नाहीत. कुणीतरी चालत यावं तशा सावकाश खाली उतरल्या, त्यांच्या बाजूने पुढे आल्या, पहिल्या रांगेशी थांबल्या.

तिथे एक खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारच्या बाईने खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जराशी सरकली.

"बसा ना," ती म्हणाली.