हिमखटका

मंगळावरच्या धवलगड वसाहतीत, खालच्या घुमटातला ऊष्मापंप पुन्हा बंद पडला. पंपघरात सुनेत्रा रणपिसे अंगावर दोन स्वेटर चढवून, स्वतःच बनवलेल्या हिमखटक्याकडे रागाने बघत होती. खटक्याचं काहीच चुकलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

"हा बंद का होतो पण?" घुमटाच्या डॉक्टर झुबेदा मुजावर यांनी विचारलं. त्यांच्या दवाखान्यात मुलं खोकून बेजार झाली होती.

"ऊष्मापंप उष्णता तयार करत नाही, डॉक्टर. अणुभट्टीवरून कोमट पाणी येतं, त्यातली उष्णता काढून तो हवेत सोडतो. पाणी गार होत जातं. फार काढली तर नळीतच बर्फ होऊन नळी फुटेल. म्हणून पाणी चार अंशांवर आलं किंवा वाहायचं थांबलं, की खटका पंप थांबवतो. वर आणि खाली, दोन्ही घुमटांना नियम एकच."

"मग वरच्यांचा कसा नाही थांबत?"

सुनेत्राने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशाप्रमाणे भट्टीवरून दोन घुमटांना दोन वेगळ्या वाहिन्या निघत होत्या. जो हावरटपणा करेल त्याचाच पंप थांबणार. तो नकाशा तिच्या थोरल्या भावाने, वसाहतीचा प्रशासक असलेल्या अच्युतने दिला होता. आईवडील गेल्यावर ज्याने वेण्या घालून शाळेत पाठवलं, त्याचा नकाशा कोणी तपासून बघतं का?

आज मात्र तिने येणाऱ्या पाण्याचं तापमान पाहिलं. भट्टीतून चौदा अंशांवर निघालेलं पाणी इथे पोचताना पाचावर आलं होतं. जमिनीची फरशी उचलून ती वाहिनीच्या मागे मागे गेली. वाहिनी भट्टीकडून येतच नव्हती, ती वरच्या घुमटाच्या पोटातून येत होती. वरच्यांनी उष्णता काढून घेतलेलं उष्टं पाणी खालच्यांना मिळत होतं.

ती तडक वरच्या घुमटात अच्युतला जाब विचारायला गेली. त्याच्या खिडकीतून नवा कोमट पाण्याचा तलाव दिसत होता. त्यात माणसं मजेत पोहत होती.

"पाइप कमी पडले गं," तो म्हणाला. "तेव्हा दोघांना पुरत होतं. पुढे तलाव झाला."

"आणि मग मला खटका करायला लावलास! 'सगळ्यांना एकच नियम, सुनू.' थांबला तर माझाच थांबणार, हे तुला ठाऊक होतं, दादा."

"खालचा घुमट बंद करायचं ठरलंय. पुढच्या यानाने तिथले लोक पृथ्वीवर परत जातील. पंपच चालत नाही म्हटल्यावर कोणी वाद घालणार नाही." त्याचा आवाज मऊ झाला. "तू आणि तुझी लेक ईरा वर या. तुमची खोली रंगवून ठेवलीय."

खोली रंगवून ठेवलीय! भावाने केसाने गळा कापला होता, आणि भिंतींचा रंगही निवडून ठेवला होता. तिला रडू फुटलं. रडता रडताच तिला वाहिनीचा पुढचा रस्ता आठवला.

"घुमट बंद केलास की तिथे उणे साठ होईल. मग तुझं पाणी कुठून जाणार?"

"माझं?"

"भट्टीकडे परतणारी वाहिनी माझ्या घुमटाखालून जाते. तिला आच्छादन नाही, आमच्याच उबेवर ती टिकते. घुमट गारठला की तिच्यात बर्फ. प्रवाह थांबला की तुझाही पंप बंद."

अच्युतचा चेहरा उतरला. "मग माझा खटका काढून टाक."

"काढते. मग तुझी नळी फुटेल."

"रिकामा घुमट तापवत ठेवू."

"ठेव की. त्यासाठी खाली नऊ अंशांचं पाणी सोडावं लागेल. म्हणजे तलाव बंद. आणि घुमट तापवायचाच असेल, तर माणसांनी काय घोडं मारलंय?"

तो खिडकीतून तलावाकडे बघू लागला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाला. चुकलं, असं काही म्हणाला नाही.

तलाव रिकामा झाला आणि खालचा पंप सुरळीत चालू लागला. वसाहतीच्या सभेत अच्युतने भाषण केलं. खालच्या बांधवांसाठी वरच्या घुमटाने आपला तलाव आनंदाने सोडला, असं त्याने सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर मुजावर डोळे पुसत सुनेत्राला म्हणाल्या, "किती मोठ्या मनाचा भाऊ आहे तुमचा!"

सगळं सांगून टाकावं, असं सुनेत्राच्या अगदी ओठांवर आलं. पण दोन्ही घुमटांचं पाणी अजून एकच होतं. भांडण पेटलं असतं तर ती वाहिनी फोडायला एक हातोडा पुरला असता.

"हो ना," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवू लागली.